कानाची परीक्षा

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सेनगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. २०१७ साली तो दहावी झाला तेव्हा इंग्रजीत त्याला चांगले गुण होते. पुढे हिंगोलीला राहून बी. कॉम. झाला आणि पुण्यास एका कंपनीत नोकरीला लागला. कानाला यंत्र लावून परदेशातील गिऱ्हाइकांचे इंग्रजी ऐकायचे आणि त्यांना उत्तरे द्यायची, असे ते काम होते. शिकाऊ म्हणून सहा आठवडे काढले आणि परत आला. फराळाच्या ताटातली करंजी हातात तशीच धरून तो म्हणाला, "सर, मला इंग्रजी वाचता येतं, पण ऐकू येत नाही."

मी म्हणालो, "म्हणजे काय?"

"तो माणूस बोलतो तेव्हा नुसती घरघर ऐकू येते. तेच वाक्य नंतर पडद्यावर लिहून आलं, की प्रत्येक शब्द ओळखीचा असतो. मग वाटतं, अरे, हे तर आपल्याला सातवीपासून येतंय!"

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होते. मला मात्र त्या दिवशी फराळ गोड लागला नाही. का, ते पुढे सांगेन. आधी एक प्रश्न मनात घोळू लागला तो वाचकांपुढे ठेवतो. दीडशेहून अधिक वर्षे आपण इंग्रजीच्या परीक्षा देत आलो. या परीक्षांनी आपल्या डोळ्यांना इतके तपासले, हाताला इतके तपासले. मग कानाला कुणी का विचारले नाही? या प्रश्नाचा माग काढीत गेलो आणि पहिला धागा सापडला तो आमच्या हिंगोलीतच.

हिंगोलीत नव्याने आलेल्या माणसाला इथल्या वस्त्यांच्या नावांचा अचंबा वाटतो. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही नावे लष्करी छावणीची आहेत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाने चालणारी जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिचे हिंगोली हे एक प्रमुख ठाणे. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, छावणी उठली, नावे राहिली.

या छावणीत जो तरुण गोरा अधिकारी येई त्याला एक परीक्षा चुकत नसे, ती म्हणजे हिंदुस्थानीची. लोअर स्टँडर्ड आणि हायर स्टँडर्ड अशा तिच्या दोन पायऱ्या होत्या. मुनशी लावून, पदरचे पैसे खर्चून साहेबलोक तिचा अभ्यास करीत. कारण ती दिल्याखेरीज बढतीची वाट मोकळी होत नसे, दुभाष्याची जागा तर नाहीच नाही. आता या परीक्षेत काय असे? वाचन असे, भाषांतर असे. पण त्यांबरोबर संभाषणही असे. साहेबाला एतद्देशीय माणसासमोर बसवीत. तो माणूस आपल्या बोलीत बोले आणि साहेबाला ते समजून उत्तर द्यावे लागे. समजले नाही तर नापास. कारण उघड आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई धावत येऊन काही सांगू लागला, तर त्याला 'जरा लिहून आण' असे म्हणून भागत नाही.

ही रीत छावण्यांपुरती नव्हती. कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकविण्यासाठी कलकत्त्यास १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तिथे विद्यार्थ्यांना हिंदुस्थानी, फारशी, बंगाली या भाषांतून भरसभेत वाद घालावे लागत. आपल्या मराठीचा छापील व्याकरणग्रंथ १८०५ साली विल्यम केरीने केला तो याच कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे राज्यकर्त्यांना हे पुरते ठाऊक होते की भाषा ही आधी कानाने यावी लागते, आणि कानाने आली की नाही हे तपासताही येते. स्वतःच्या माणसांची त्यांनी तशी तपासणी केली. आपली मात्र निराळ्या रीतीने केली.

त्याच छावणीत इंग्रजी कानाने शिकलेली माणसेही होती. साहेबाचा खानसामा, घोड्याचा मोतद्दार, मेसमधला बटलर, मुलांना खेळवणारी आया. त्यांना एबीसीडी येत नव्हती. पण साहेबाने पाठमोरे राहून पुटपुटलेला शब्दही त्यांना कळे. त्यांच्या या विद्येला कुणी विद्या म्हटले नाही. उलट 'बटलर इंग्लिश' असे नाव देऊन तिची थट्टा झाली. त्यांची परीक्षा कधी झाली नाही आणि त्यांना प्रमाणपत्रही कधी मिळाले नाही.

प्रमाणपत्र मिळाले ते कागदावरच्या इंग्रजीला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली. १३२ उमेदवार बसले आणि अवघे २२ उत्तीर्ण झाले. त्या पहिल्या तुकडीतच महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तिथपासून मॅट्रिक हा शब्द आपल्याकडे असा रुजला, की परीक्षेचे नाव बदलले, तरी आमच्याकडे दहावी झालेल्याला म्हातारी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात. मीही तेवढाच, मॅट्रिक.

या परीक्षांतील इंग्रजी म्हणजे काय? व्याकरण, वाक्याचे पृथक्करण, कवितेचा गद्यात अर्थ, निबंध आणि भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन पिढ्यान् पिढ्या लोक बसले ते याचसाठी. या शिक्षणाची आज टिंगल करणे सोपे आहे, पण मी ती करणार नाही. त्या कागदी परीक्षेने एक मोठे काम केले. प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक. तपासणाऱ्याला उमेदवाराची जात दिसत नाही, अंगरखा दिसत नाही, उच्चार ऐकू येत नाहीत. खेड्यातला मुलगा आणि मुंबईच्या शेठजींचा मुलगा यांना त्या तीन तासांत एकाच तराजूत बसता येई. तोंडी परीक्षेत ही सोय नाही. तिथे समोरचा माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की तराजू हलू लागतो. शिवाय प्रश्नपत्रिका पाकिटात घालून, लाखेने मोहोर करून गावोगाव धाडता येते. आवाज पाकिटात घालण्याची विद्या त्या काळी कुणापाशी नव्हती. तेव्हा विद्यापीठाने कान वगळला यात दुष्टावा नव्हता. थोडी सोय होती आणि थोडा न्यायही होता.

पण जे परीक्षेत नाही ते वर्गात टिकत नाही, हा आम्हा मास्तरांचा जुना अनुभव. कान परीक्षेतून गेला, मग वेळापत्रकातून गेला, आणि पुढे शिक्षकाच्या मनातूनही गेला.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट तर आणखी वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात. शाळेच्या पायऱ्यांची नावेच निराळी: तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. घरात मराठी, तहतानियात मराठी, वर गेले की सारे विषय उर्दूतून. हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे उर्दूतून उच्च शिक्षण देणारे. एका देशी भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकवावे, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढावे, हे त्या काळी मोठे धाडस होते. परंतु बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती, हेही तितकेच खरे. मूळचे आपल्याच वसमत भागातील केशवराव कोरटकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी केली, ती या कोंडीतून मराठी मुलांसाठी वाट काढण्यासाठी.

उस्मानियात इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. पण तो विषय होता, बोली नव्हती. परभणी-हिंगोलीकडचा मराठी मुलगा इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूत पाठ करी आणि तो उर्दू शब्द मनातल्या मनात मराठीत आणी. त्याच्या कानाला मुदर्रिससाहेबांच्या तोंडचे तेवढे इंग्रजी ठाऊक, आणि त्या मुदर्रिसांनी तरी ते दुसऱ्या मुदर्रिसांकडूनच ऐकलेले.

पोलीस कारवाईनंतर शाळा मराठी झाल्या, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून असावे की पाचवीपासून यावर रणे माजली. मी शाळेत होतो तेव्हा ते पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून झाले. कोणत्या इयत्तेपासून, यावर आपण अर्धशतक भांडलो. डोळ्याने की कानाने, यावर भांडण झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

जगात मात्र ते भांडण झाले होते, आणि त्यातला एक पक्ष आपल्याच देशात राहून लिहीत होता. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिक शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा विम्याच्या हिशेबाचा होता. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले, तर पदरात जे पडते त्याला जशी किंमत असते, तशी मध्येच सोडलेल्या शिक्षणालाही असते का, असे ते विचारीत. बहुतेक मुले अर्ध्यावर शाळा सोडतात. त्यांना थोडे बोलणे शिकवले, तर ते दोन वर्षांत विसरते; वाचणे शिकवले, तर ते आयुष्यभर कामाला येते. म्हणून आधी वाचन. याच सुमारास तोक्योत हॅरल्ड पामर हे दुसरे इंग्रज पंडित उलटे सांगत होते: आधी कान, मग तोंड, मग पुस्तक. दोघांचेही म्हणणे विचार करण्यासारखे होते. आपल्या शाळांनी वेस्टसाहेबांचे वाचनही घेतले नाही आणि पामरसाहेबांचे ऐकणेही घेतले नाही. घेतली ती प्रश्नोत्तरे.

वाचनही घेतले नाही असे म्हणालो, ते उगाच नव्हे. आमच्या प्रश्नपत्रिकेत एक उतारा असतो आणि त्याखाली प्रश्न. उतारा समजला की नाही हे पाहण्याची ही युक्ती तशी जुनी नाही. अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी काढली. दिलेल्या उत्तरांतून योग्य ते निवडण्याची जी पद्धत आज जगभर पसरली आहे तिचा उगम तिथे सांगतात. १९१७ साली थॉर्नडाइक यांनी मुलांनी दिलेली चुकीची उत्तरे गोळा करून तपासली. त्यांना असे दिसले, की मूल वाचता वाचता एखाद्या शब्दाला वाजवीपेक्षा जास्त वजन देते, बाकीचे शब्द त्याच्या हातून निसटतात, आणि उत्तर भलतेच येते. वाचणे म्हणजे विचार करणे, प्रत्येक शब्द तोलून जागच्या जागी बसवणे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

हे वाचल्यावर मी माझ्या वर्गात एक खोडी केली. फळ्यावर एक वाक्य लिहिले: 'द ग्लिप वॉज टोडिंग ऑन द ब्रान.' यातले ग्लिप, टोडिंग, ब्रान हे शब्द कोणत्याही भाषेतले नाहीत. मी बसल्या बसल्या बनवले. खाली प्रश्न लिहिला: 'व्हेअर वॉज द ग्लिप टोडिंग?' बहुतेक साऱ्या वर्गाने लगेच उत्तर लिहिले: 'ऑन द ब्रान.' अक्षर सुरेख, पूर्णविरामही जागच्या जागी. नियमाप्रमाणे मला सगळ्यांना पूर्ण गुण देणे भाग होते. मी विचारले, "ग्लिप म्हणजे काय?" वर्ग हसू लागला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ते विचारलंच नाही ना सर!"

खरेच आहे. ते आम्ही कधी विचारलेच नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या पुढचे चार शब्द उतरवायचे, ही शोधाशोध म्हणजे आकलन असे आम्ही मानून चाललो. डोळ्यांची म्हणून जी परीक्षा आम्ही घेत होतो, ती खरे म्हणजे बोटाची परीक्षा होती.

कानापुढे मात्र ही युक्ती चालत नाही, कारण बोललेले वाक्य फळ्यावर थांबून राहत नाही. ते येते आणि जाते. शिवाय छापलेल्या इंग्रजीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोललेल्या इंग्रजीत ती नसते. आपल्या मराठीत बहुतेक अक्षरांना आपापला वाटा मिळतो, पंगतीत बसल्यासारखा. इंग्रजीत एखादे अक्षर सारा जोर घेऊन बसते आणि शेजारची पाचसहा गिळून टाकली जातात. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू' असे सहा शब्द आपण वाचतो. बोलणाऱ्याच्या तोंडून 'व्हॉडयु वॉनटडू' असा एक गोळा बाहेर पडतो. माझ्या विद्यार्थ्याला जी घरघर ऐकू आली ती हीच. त्याच्या डोक्यात शब्द होते, पण ते छापील चेहऱ्याने ओळखीचे होते. आवाजाने त्याला ते कुणी भेटवलेच नव्हते.

माझे स्वतःचे तरी काय? लहानपणी गावात एका घरी रेडिओवर क्रिकेटचे समालोचन लागे. थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी. इंग्रजीची पाळी आली की ओसरीवरची मंडळी माझ्याकडे पाहत. कारण मी इंग्रजीत वर्गात पहिला. "काय म्हणतो रे तो?" मला खेळाडूंची नावे आणि 'फोर' एवढेच कळे. मी दडपून काहीतरी सांगत असे. पुन्हा हिंदी सुरू होऊन खरा आकडा कळेपर्यंत माझी अब्रू शाबूत राही.

विलायतेत केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा १९१३ साली सुरू केली. बारा तासांची ती परीक्षा होती. तीत भाषांतर, व्याकरण, निबंध तर होतेच. पण श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषणही होते. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. पुढे ध्वनिमुद्रणाची यंत्रे स्वस्त झाली आणि आवाज पाकिटात घालून धाडण्याची विद्या माणसाला साधली. अमेरिकेत शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९६४ साली जी परीक्षा निघाली तीत ऐकण्याचा स्वतंत्र भाग आला.

आज चीनमध्ये उच्च माध्यमिक शाळा संपवणाऱ्या लाखो मुलांना महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात इंग्रजीचा राष्ट्रीय नमुना १५० गुणांचा आहे. त्यातले ३० गुण ऐकण्याचे. वर्गात ध्वनिमुद्रण लावतात. लहान संवाद एकदाच ऐकवतात, मोठे दोनदा. मुलाने ऐकायचे आणि तीन उत्तरांतून एक निवडायचे. दक्षिण कोरियात नोव्हेंबरात होणाऱ्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याच्या सुमारे अर्ध्या तासात देशभरच्या विमानतळांवर विमाने उतरत नाहीत आणि उडतही नाहीत. एका पोराला एक वाक्य नीट ऐकू यावे म्हणून सारे राज्य श्वास धरून बसते! आमच्याकडे परीक्षा चालू असताना शाळेच्या भिंतीला लागून लग्नाची वरात वाजत जाते, त्याची आठवण होऊन मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

चीनमध्ये सारे आलबेल आहे असे मात्र नव्हे. वाचता येते पण बोलता-ऐकता येत नाही, अशा इंग्रजीला त्यांच्याकडे 'मुके इंग्रजी' म्हणतात. आपल्याच दुखण्याचे ते नाव आहे. त्यावरचा एक उपाय म्हणून ऐकण्याची परीक्षा आली. मग तिच्याही युक्त्या आल्या. उत्तरे आधी वाचून ठेवायची, कानावर पडणारा एखादा शब्द पकडायचा आणि खूण करायची. म्हणजे आमचा 'ग्लिप' तिथेही पोचला. तरी एक फरक राहतोच. तिथे डोंगरातल्या गावच्या मुलालाही निदान काही वर्षे तरी रोज इंग्रजी ऐकावे लागते. कारण ३० गुण ही थट्टा नव्हे.

आता आमच्याकडची थट्टा सांगतो. महाराष्ट्रात दहावीला भाषाविषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, अशी रीत आली. ऐकणे आणि बोलणे यांची परीक्षा शाळेनेच घ्यायची. हेतू चांगला होता. मी तर म्हणेन, १८५९ नंतर प्रथमच कुणी कानाला बोलावले होते. पण शाळांनी हे गुण खिरापतीसारखे वाटले, अशी ओरड झाली. मग २०१८-१९ च्या वर्षी ते काढून टाकले. त्या परीक्षेत, २०१९ साली, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. पालक घाबरले, शाळा घाबरल्या, आणि पुढच्याच वर्षापासून ते २० गुण परत आले. दिले तेव्हा चर्चा गुणांची, काढले तेव्हा चर्चा गुणांची, परत आणले तेव्हाही गुणांचीच. मुलांना इंग्रजी ऐकू येते का, हा प्रश्न मध्ये कुठेच आला नाही.

आणि इथे मला कबुली द्यायची आहे. आमची शाळा विनाअनुदानित. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली आणि कादंबऱ्या लिहितो म्हणून तो विषय माझ्याकडे आला. २०१७ च्या त्या वर्षी तोंडी परीक्षेचा तक्ता मी एका दुपारी चहाच्या दोन कपांत भरला. कुणाला १७, कुणाला १९. या मुलाला मी १८ गुण दिले. त्याच्याशी इंग्रजीत एक वाक्यही बोललो नव्हतो. बोललो असतो तर दोघांचीही परीक्षा झाली असती, हे मला आतून ठाऊक होते. तो तक्ता कुणी माझ्याकडून सक्तीने भरून घेतला नाही. मुलांचे भले करतो आहोत असे मानून मी तो भरला. पुण्याच्या त्या कंपनीने सहा आठवडे लावून जी खरी परीक्षा घेतली, ती मी दहा मिनिटांत घेऊ शकलो असतो. आणि मग आमच्या हाती वर्षे होती.

या साऱ्या इतिहासातून मला जे दिसले ते थोडक्यात असे. कागदी परीक्षेने गरीब आणि श्रीमंत एका बाकावर बसवले, हे तिचे पुण्य. पण तिने कान बाहेर ठेवला आणि कान ही घराण्याची मालमत्ता झाली. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात, ज्याच्या गल्लीत, शाळेत, दूरदर्शनच्या पडद्यावर ते चोवीस तास चालू असते, त्याला कान आयता मिळतो. आमच्या सेनगाव-औंढ्याच्या मुलाला तो फक्त शाळाच देऊ शकते. शाळेने दिला नाही तर कुणीच देत नाही. शाळेच्या परीक्षेत कानाला जागा नाही, पण शाळेनंतरच्या साऱ्या दारांवर परीक्षा कानाचीच आहे: मुलाखतीला, नोकरीला, मोठ्या महाविद्यालयातील व्याख्यानाला. म्हणजे जे आम्ही शिकवले नाही त्याच्यावर मुले नापास होतात, आणि दोष स्वतःला देतात. त्या मुलानेही दिला नव्हता का?

आणि श्रवण ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे गाव. ते इथून निघून पंजाबापर्यंत गेले. तिकडच्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदे केली आणि त्यांतील ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात मानाने बसली. ती बोली त्यांनी कोणत्या पाठमालेतून शिकली असेल? लोकांत बसून, त्यांचे ऐकूनच ना? कीर्तनाला बसणाऱ्या आमच्या निरक्षर आजीला दोन तासांचे आख्यान एकदा ऐकून दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे सांगता येई. आमचा कान मुळात अडाणी नव्हता. शाळेत त्याला काम उरले नाही एवढेच.

त्या दिवाळीनंतर मी वर्गात एक साधी गोष्ट सुरू केली आहे. तीत नवे काही नाही. केंब्रिजच्या त्या बारा तासांतले श्रुतलेखनच आहे. रोज दहा मिनिटे फोनवर एखादे इंग्रजी बोलणे लावतो, माझे नव्हे, ज्यांचे ते आहे त्यांचे. पुस्तके मिटलेली. एकदा ऐकायचे, पुन्हा ऐकायचे, आणि काय कळले ते मराठीत सांगायचे. मराठीत, कारण मला समजले का ते पाहायचे आहे, शब्द उतरवता येतात का ते नव्हे. मग तेच वाक्य फळ्यावर लिहितो आणि मुले आपल्या कानाने कुठे दगा दिला ते शोधतात. मीही त्यांच्यात बसतो. पुष्कळदा मला जे ऐकू येत नाही ते मागच्या बाकावरच्या त्या मुलीला येते. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा वर्ग गप्प झाला. सर चुकले हे मोठ्याने म्हणावे की नाही, असा पेच पडला. आता म्हणतात.

या वर्षीच्या तोंडी परीक्षेत मी प्रत्येकाला खरोखर ऐकवले आणि खरोखर विचारले. गुण १८ आले नाहीत; नऊ आले, अकरा आले, एकाला सहा आले. तक्ता पाहून शाळेत कुरकुर झाली, आणि सहावाल्या मुलाचे वडील मला भेटायला आले. त्यांनी विचारले, "गुरुजी, आमच्या पोराचं काय चुकलं?" मी म्हणालो, "त्याचं नाही हो चुकलं. आम्ही त्याला उशिरा ऐकवायला लागलो."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मग आता तरी ऐकवा."

पुण्याहून परतलेला माझा तो विद्यार्थी सध्या वसमतच्या हळदीच्या बाजारात हिशेब लिहितो. रविवारी सकाळी तो आमच्या वर्गात येऊन बसतो. बाकावर मावत नाही, म्हणून भिंतीला टेकून उभा राहतो आणि डोळे मिटून ऐकतो.